शिवकन्येची आपोआप हजेरी

ही घटना शंभर टक्के खरी आहे. साक्षीदार तीन. त्यातला एक कॉम्प्युटर, आणि खोटं बोललेला तो नव्हे.

२००९चा जुलै. लातूर. वीरण्णा सरांचे बारावीचे क्लास.

भरदुपारी ऑपरेटर मकबूलनं हजेरीचं नवं सॉफ्टवेअर बसवलं. न वाचता पाच वेळा 'पुढे' दाबलं आणि डबा उघडला. आधी यादीतली जुनी नावं काढायची, मग सुरू करायचं, असा बेत.

पण ते सुरू झालं होतं...

बसवलं की आपोआप चालू, अशी खूण कंपनीनंच करून ठेवलेली.

पाव तासात औशाकडून सिद्रामप्पाचा फोन.

"मेसेज आला, सायेब. शिवकन्या आज क्लासला गैरहजर हाय म्हणून."

मकबूलच्या हातातला घास हातातच राहिला.

शिवकन्या त्यांची पोर. त्र्याण्णवच्या भूकंपात दोन वर्षांची असताना ढिगाऱ्यातून जिवंत निघालेली. गेल्या दिवाळीत तापानं गेली.

"आज न्हाई आली..." सिद्रामप्पा हळूच म्हणाले, "मंजी काल आल्ती का?"

चूक झाली, एवढंच मकबूलला म्हणायचं होतं.

"हाव काका," मकबूल म्हणाला. "आल्ती."

संध्याकाळी सरांनी विचारलं, "तुला बसवायला सांगितलं होतं. सुरू कोणी केलं?"

"मी न्हाई केलं, सर. आपोआप झालं."

"अरे, पाण्याच्या मोटारीला ऑटो स्टार्टर लावतानासुद्धा माणूस आधी विहिरीत वाकून बघतो."

मकबूलनं नाव खोडलं. सॉफ्टवेअर काढलं. कॉम्प्युटरची पिनही उपसली.

दुसऱ्या दिवशी दहाला पुन्हा सिद्रामप्पाचा फोन.

"आज हजर हाय म्हणतंय..."

हजेरी घ्यायचं अंगठ्याचं मशीन तर अजून खोक्यातच होतं.

मग रोज दहाला. हजर... हजर... रविवारी सुट्टी.

"बसली का नीट?" सिद्रामप्पा विचारायचे.

"हाव काका. पहिल्या बाकावर."

खरं सांगणं रोज उद्यावर जायचं. आणि मकबूल वर्गावरून जाताना खाली बघून जायचा. एकदाच नजर गेली. मागं पोरी दाटीवाटीनं कोंबलेल्या. पहिल्या बाकावर तिघीच...

कडेला एकीपुरती जागा सोडून.

एकतिसाव्या दिवशी सिद्रामप्पा स्वतः आले. हातात फडक्यात बांधलेला डबा.

"आज कायच आलं न्हाई. गावाकडं निघाली का ती?"

मकबूलला मान वर करता येईना. समोर टेबलावर सीडीचं पाकीट पडलं होतं. त्यावर बारीक अक्षरात छापलं होतं : फुकट वापर, तीस दिवस.