एकाच खुर्चीपुरतं गाणं

तोवा त्या दुकानात शिरली ती टेपरेकॉर्डरचा तुटलेला पट्टा बदलायला. आत पाहते तर छातीएवढे उंच, चकचकीत, गप्प उभे असलेले महागडे स्पीकर!

“पट्टा नाय मिळणार,” काउंटरवरचा कुंदन म्हणाला आणि गडबडला. “म्हणजे... नाही मिळणार.”

“नाय म्हणालात तेच गोड होतं,” तोवा हसली. “बेलपाडा गावचे ना?”

त्याचे कान लाल झाले. “आलाच आहात तर ऐकून जा.”

ऐकायच्या खोलीत एकच खुर्ची होती. दोन स्पीकर आणि खुर्ची, तिघांमध्ये सारखं अंतर; फरशीवर खडूच्या खुणा. “इथं बसलं की गाणारी बरोबर मधोमध उभी राहते,” कुंदन म्हणाला. “वीतभर सरकलात, की गेली.”

“आणि दोघांना ऐकायचं असेल तर?”

“मग एकानं... मागे उभं राहायचं.” तो मागेच उभा होता.

त्या दिवशी पनवेलच्या घरी तिनं पप्पांना सगळं सांगितलं. बेन, तिचा भाऊ, इस्राएलहून रोज बोलावत होता. कागदपत्रं तयार होती. पप्पांचा पाय मात्र निघत नव्हता. ते म्हणाले, “तुझ्या आईचं कीर्तन नीट ऐकवणारे स्पीकर मिळाले, तर ते घेऊन इथंच राहू. नाहीतर जाऊ.”

आईच्या, जोकबेदच्या, आवाजाची एकच कॅसेट होती. ती वारण्याच्या चार महिने आधी पप्पांनीच शेजारी बसून कॅसेट भरली होती.

मग तोवा दर रविवारी जाऊ लागली.

“शनिवारी या ना, गर्दी नसते.”

“शनिवारी आमचा शब्बाथ, ज्यूंचा विसाव्याचा दिवस. विजेचं बटणसुद्धा दाबत नाही.”

“बटण मी दाबेन!”

“आणि माझे कान कोण झाकणार?”

कुंदन तिला शिकवत गेला. डोळे मीट... आता तबला कुठं आहे, बोट दाखव. ‘अहो’चं ‘अगं’ कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. शेवटी स्पीकरच्या दोन जोड्या उरल्या. एक जोडी आवाजातल्या सगळ्या खरखरीवर मऊ साय धरायची. दुसरी काही म्हणजे काही लपवत नव्हती.

“पप्पांना सायीचीच लाव,” तोवा म्हणाली. “आम्ही राहायला हवं, कुंदन.”

“मलापण तेच हवंय,” तो हळूच म्हणाला.

पुढच्या रविवारी पप्पा टोपी सारखी करून खुर्चीत बसले. कॅसेट सुरू झाली. आई मधोमध उभी राहिली... अगदी हात लावावा इतकी जवळ. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं मराठी कीर्तन, बांगड्यांची किणकिण. पप्पांचे डोळे भरले. तोवानं मागे वळून कुंदनकडे पाहिलं. तो हसत होता.

आणि दोन ओळींच्या मध्ये ते ऐकू आलं. घरच्या टेपरेकॉर्डरवर कधीच न आलेलं. अडकत, ओढून घेतलेला श्वास. पुढच्या ओळीआधी पुन्हा. मग पुन्हा.

“बंद कर, बाळा,” पप्पा म्हणाले.

कुंदननं बटण दाबलं.

“तिला तेव्हाच दम लागत होता. मी हातभर अंतरावर होतो, तोवा... आणि मी तिला म्हणालो, अजून एक कडवं गा.” ते उठले तेव्हा खुर्ची खुणेवरून सरकली. “बेनला फोन लाव. इथं राहिलो तर तो श्वास मला रोज ऐकू येईल. नाही जमणार.”

ते जिना उतरून गेले. तोवा दारातच थांबली.

“सायीची जोडी लाव म्हटलं होतं ना मी?”

“हो.”

“मग?”

“तुझी आई तुला पहिल्यांदा खरी ऐकू येणार होती.” त्यानं कॅसेट काढून तिच्या हातात दिली. “तुला खोटं नाय ऐकवायचं होतं मला. तुला तरी नाय.”

याच शब्दांची ती किती रविवार वाट पाहत होती. ते आले, पण असे.

“एकदाच...” ती म्हणाली, “एकदाच खोटं ऐकवायचं होतंस रे.”

खालून पप्पांनी हाक मारली. तिनं कॅसेट पर्समध्ये ठेवली, त्याचा हात क्षणभर घट्ट धरला आणि सोडला.

कुंदननं खुर्ची पुन्हा खडूच्या खुणेवर आणली. बसला मात्र नाही. सवयीनं मागेच उभा राहिला, आणि जिन्यावरची पावलं ऐकत राहिला, ती ऐकू येईनाशी होईपर्यंत.