सभेची होडी कलंडली तेव्हा

थांबा रे, आधी एक कोडं घालते. अशी कुठली तिजोरी आहे, जी चोराला उघडत नाही, राणीलाही उघडत नाही, आणि त्यामुळे एका बाळाच्या जिवावर बेततं? निहार, तू गप्प बस. तुझं उत्तर नेहमी 'भूत' असतं.

तरंगाळं माहितीये ना, ते समुद्रावर तरंगणारं राज्य? माझे आजोबा तिथे शास्त्रज्ञ आहेत. सुट्टीत आई आणि मी तिकडेच होतो, आणि आमचं बाळ तिथेच जन्मलं. फार लवकर जन्मलं. एवढंसं होतं, आजोबांच्या दोन तळव्यांत मावेल असं. म्हणून त्याला काचपेटीत ठेवलेलं (लवकर जन्मलेल्या बाळाला ऊब देणारी विजेची पेटी).

आता तिथली गंमत अशी की तिथे पैसाच नाही. लाटांपासून वीज करतात आणि वीज हाच त्यांचा पैसा. म्हणजे अंदाजपत्रकसुद्धा विजेचं (वर्षभर कशावर किती खर्च करायचा, याचा आधी ठरवलेला बेत). दवाखाना म्हणतो मला इतकी लागेल, शाळा म्हणते मला इतकी. प्रधान ते सगळं जुळवतात, लोकांनी निवडलेली सभा हो नाहीतर नाही म्हणते, राणीताई सही करतात आणि मग कुलूपकाका वीज सोडतो. कुलूपकाका म्हणजे आजोबांनी बनवलेला खजिनदार यंत्रमानव.

राणी आहे तर सभा कशाला, असं मीपण विचारलं होतं. तर तिथे घटनात्मक राजेशाही आहे (राजा-राणी असतात, पण देशाच्या मूळ नियमांनी बांधलेले). राणीताईंच्या पणजोबांनी म्हणे एकदा अख्ख्या राज्याची वीज एका रंगीत कारंज्यात घालवली. लोक घरात अंधारात, आणि कारंजं आपलं थुईथुई. तेव्हापासून नियमच झाला, सभेने मंजूर केल्याशिवाय एक दिवासुद्धा लागणार नाही.

आणि ही सभा भरते होडीत. खरंच सांगते. हो म्हणणारे उजवीकडे बसतात, नाही म्हणणारे डावीकडे, आणि होडी जिकडे झुकेल तो निकाल. जाड्या माणसाचं मत जास्त भरू नये म्हणून बारीक लोकांना मांडीवर वाळूची पिशवी देतात.

तर त्या दिवशी भर दुपारी त्यांचं नवं वर्ष लागणार होतं. धक्क्यावरच्या डोलकाठीची सावली सगळ्यात आखूड झाली की वर्ष बदलतं. आणि अंदाजपत्रक अजून अडकलेलं. अर्ध्यांना त्यातली वादळभिंत हवी होती, अर्ध्यांना तिच्याऐवजी नवी शाळा. होडी सकाळपासून सरळच्या सरळ.

मी आजोबांना म्हटलं, "वर्ष बदललं आणि मंजुरी नसली, तर?"

आजोबा एकदम थांबले. "तर कुलूपकाका वीज बंद करेल."

"कशाची?"

"सगळ्याची." मग खूप हळू म्हणाले, "अगं, मी चोरी होऊ नये एवढाच विचार केला. उशीर होईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

हो रे, दवाखान्यात बॅटरी होती. पण ती थोडाच वेळ पुरते, आणि तिला भरतो कोण? कुलूपकाकाच.

आम्ही धक्क्यावर पळालो, सभेची होडी तिथेच बांधलेली. राणीताई कुलूपकाकासमोरच उभ्या होत्या. "अरे, दवाखान्यापुरती तरी सोड," त्या म्हणत होत्या.

"सभेची मंजुरी?" कुलूपकाका म्हणाला.

"मी राणी आहे."

"तुमचे पणजोबा पण राजे होते."

राणीताईंनी डोलकाठीकडे पाहिलं. सावली काठीच्या पायाशी आलेली. मी होडीतल्या लोकांना ओरडून विचारलं, "काचपेटीला वीज नको, असं कोण म्हणतंय?"

डावीकडचे एक मिशीवाले आजोबा म्हणाले, "कुणीच नाही, बाळ. आमचं भांडण भिंतीचं आहे."

"मग त्याचं वेगळं विचारा ना. सगळं एकत्र का विचारताय?"

माझ्या आजोबांनी कपाळावर हात मारला. "लेखानुदान," ते म्हणाले. (म्हणजे काय, तर अंदाजपत्रक मंजूर होईपर्यंत, चालू कामांना थोड्या दिवसांपुरता खर्च करायला सभेने दिलेली परवानगी. भिंत नाही, नवी शाळा नाही, फक्त जे चालू आहे ते चालू.) कुलूपकाकाला हे माहीतच नव्हतं, कारण आजोबांनी त्याला ते शिकवलंच नव्हतं. ते भराभर त्याच्या पाठीवरची बटणं दाबायला लागले.

"किती दिवसांसाठी?" कुलूपकाकाने विचारलं.

"दोन महिने," प्रधान होडीतून म्हणाले.

"कायमचं का नाही?" मी म्हटलं.

आजोबा बटणं दाबता दाबताच म्हणाले, "कायमचं दिलं तर सभेला परत विचारायचं कारणच उरत नाही. मग आपण पुन्हा त्या कारंज्यापाशी."

प्रधानांनी विचारलं, "चालू कामांना दोन महिने वीज. हो की नाही?"

आणि अख्खी सभा उठून उजवीकडे गेली. वाळूच्या पिशव्यांसकट. असं आधी कधी झालंच नव्हतं ना, त्यामुळे कुणाच्या लक्षातच आलं नाही की सगळे एका बाजूला गेल्यावर होडीचं काय होतं. धप्पकन कलंडली. प्रधान पाण्यात, मिशीवाले आजोबा पाण्यात.

"झुकली," कुलूपकाका म्हणाला. "भरपूर झुकली."

राणीताईंनी त्याच्या छातीवरच्या काचेवर सही केली. सावली आखूड झाली, वर्ष बदललं, आणि दवाखान्यातला दिवा तसाच राहिला. आईने खिडकीतून हात हलवला. मी तिथेच धक्क्यावर फतकल मारून बसले. आजोबा माझ्याशेजारी बसले आणि चष्मा पुसायला लागले.

भिंत की शाळा, ते अजून ठरलेलं नाही. भांडतायत मजेत. पण लेखानुदानाचा नियम आता त्यांच्या राज्यघटनेत घालतायत, आणि होडीपण रुंद करतायत.

बाळ? ते काय, आत झोपलंय, स्वतःचा अंगठा चोखत. मोठं झालं की त्याला घेऊन मी परत तरंगाळ्याला जाणार आहे, सभा दाखवायला. होडीत बसवलं तर मांडीवर केवढी वाळू द्यावी लागेल त्याला.