घोंगडीवाला लांडगा

"ताई, हरिओम चोर न्हाई. पण उद्या काका त्येच्यावर तक्रार देणार हायत."

दिंद्रुडची वैष्णवी रडवेली झाली होती. तिनं काढलेलं मंगा, म्हणजे जपानी धाटणीचं चित्रपुस्तक, घरातून गायब झालं होतं. बाहेरून घरात येणारा एकटाच, मेंढपाळाचा पोरगा हरिओम, म्हणून आळ त्याच्यावर. परळीच्या खासगी गुप्तहेर दीपमाला शांतपणे ऐकत होत्या. त्यांचा सहायक पंडित मनात म्हणाला, आग असल्याशिवाय धूर निघत नाही.

"पुस्तकातली गोष्ट काय आहे?" दीपमालांनी विचारलं.

"शब्द न्हाईत, नुसती चित्रं. कपडे घातलेल्या मेंढरांचं गाव. घोंगडीवाला लांडगा हरवलेलं कोकरू खांद्यावर घिऊन येतो. गाव दगड मारतं, मग पंगतीत बसवतं. घरी समद्यांना गोष्ट सांगितली. पुस्तक मात्र हरिओमनंच बघितलं. उजवीकडून वाचायचं असतंय, त्येलाच ठावं."

दोघं दिंद्रुडला पोहोचले, तेव्हा वैष्णवीचे काका विजयसिंह गुरकावले, "लांडग्याला पंगतीत बसवायचं म्हणे! मेंढक्याला घरात घेतलं, तितंच चुकलं."

हरिओमचे डोळे भरले. "पंगतीचं शेवटचं चित्र लई भारी हाय. मी चोरीन कावून?"

वैष्णवीचे वडील राधाकिशन गावचे पुढारी. ते म्हणाले, "म्या हात लावला न्हाई, पोरीकडून ऐकलं तेवढंच. पण असल्यानं मेंढपाळ वस्ती पेटंल. पंगतीत जेवला, दगड खाल्ले, आन् शेवटाला कोकरू घिऊन पळाला!"

"लांडगाच तो," पंडितनं मान डोलावली. दीपमालांनी सगळ्यांना ओसरीवर बोलावलं.

"राधाकिशनराव, पुस्तक आणा."

विजयसिंह चमकून भावाकडे वळले.

"ऐकलेली गोष्ट पंगतीवर संपते. लांडगा शेवटी कोकरू पळवतो, ते पुस्तक डावीकडून उघडलं तरच. म्हणजे तुम्ही ते स्वतः पाहिलंत, आणि उलटं."

राधाकिशननी कपाटातून पुस्तक काढलं. "घोंगडी बघून वाटलं, पोरीनं वस्तीला चोर म्हटलंय. निवडणूक तोंडावर हाय."

"वस्ती दुखावू नये म्हणून पुस्तक लपवलंत. वस्तीच्या पोराला चोर ठरवताना मात्र गप्प बसलात."

हरिओम निर्दोष ठरला म्हणून पंडितचा जीव भांड्यात पडला, आणि त्याच्यावर संशय घेतल्याची लाजही वाटली.

राधाकिशन उजवीकडून पानं उलटू लागले. दगडांच्या पानावर थबकले. "फेटा बांधलेला ह्यो मेंढा... मीच का?"

"हो आण्णा. पुढं बघा," वैष्णवी म्हणाली.

शेवटच्या पानावर तोच मेंढा लांडग्याला वाढत होता. राधाकिशननी पुस्तक मिटून वैष्णवीच्या हातात दिलं. मग चपला शोधू लागले.

"हरिओम, चल तुज्या घरी. माफी तुज्या बापापुढं, आश्रुबापुढं मागायची हाय. समद्या वस्तीदेखत."