अजून दोन राहिलेत

"अप्पा, आपल्या घरात मासा कुणी खात न्हाई. मग तळ्यातले सातशे मासे खाल्ले कुणी?"

दहावीच्या मागच्या बाकांवर पैज लागली होती, की मंजुश्री हे आपल्या वडलांना विचारूच शकणार नाही. मंजुश्रीनं विचारलं. तेही भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर! वर्गातली अंबिका पैजेची साक्षीदार म्हणून बाहेर शटरला चिकटून ऐकत होती.

मृत्युंजय अप्पांच्या हातून मापातली तूरडाळ सांडली.

"राजकन्यानं चोरून विकले. गावाला मालूम हाय. घरी जा."

पैज जिंकली. पण सांडलेली डाळ काही डोक्यातून जाईना. अप्पांच्या हातून आजवर दाणा सांडला नव्हता.

शेततळं अप्पांचं, मासे राजकन्या मावशीचे. वर्षाच्या बोलीवर मावशीनं तळं घेतलं आणि आषाढात रोहू-कटल्याची आठशे बोटुकली सोडली. बोटुकली म्हणजे बोटाएवढी पिल्लं. रोज कोंडा आणि पेंड. तळ्याला कुंपण, कुंपणाला कुलूप. चाव्या दोनच. एक मावशीकडं, एक अप्पांकडं.

गेल्या रविवारी जाळं ओढलं. रोहू-कटला जेमतेम शंभर निघाले. सोबत नऊ काळ्या, दंडाएवढ्या जाड मरळी. बांधावरून अप्पा ओरडले, "अजून दोन राहिलेत, नीट ओढा!"

पुन्हा ओढलं. दोन निघाल्या.

"ह्या हितं कशा आल्या?" मावशीनं विचारलं. तिचं वाक्य संपायच्या आत अप्पा चारचौघांत तिला चोर म्हणाले. तळं काढून घेतलं. सोमवारी वर्गात बुद्धप्रियाच्या बाकावर कुणीतरी खडूनं लिहिलं, 'मासेचोर'. बुद्धप्रिया म्हणजे मावशीची लेक आणि मंजुश्रीची बाकावरची जोडीदार. मंगळवारपासून ती आलीच नाही.

मंजुश्री आधी मावशीकडं गेली.

"कामून आलीस गं? झडती घ्यायला?"

"मावशी, चिडा, पण सांगा. मासे कमी झाले हे कधी कळलं?"

"दिवाळीपासून पेंड वर तरंगून राहायली. मी म्हणलं थंडीनं खात नसतील."

"मेलेले दिसले?"

"एकबी न्हाई."

"मरळी पाण्यातून आल्या असतील?"

"बोअरचं पाणी, खाली प्लास्टिकचा कागद. आकाशातून पडल्या का? मरळ बारक्या माशावर जगते, पोरी. मी माझ्याच पिल्लांत वाघ सोडीन?"

दाराआडून बुद्धप्रिया म्हणाली, "झालं का विचारून? जा आता. शेठची पोरगी आली होती म्हणून उद्या अजून काही चोरीला जाईल."

मंजुश्री घरी गेली नाही. गेली ती सरळ शिरूरच्या आठवडी बाजारात, आयुष्यात पहिल्यांदा मासळीच्या ओळीत.

अर्जुनराव मासेवाल्यासमोर बर्फावर रोहू मरून पडले होते. बाजूच्या घमेल्यात पाणी हलत होतं.

"काका, जिवंत फक्त हेच?"

"हाव. मरळच तग धरते. रोहू-कटला जाळ्यातून काढला की गेला."

"एकदम बऱ्याच जिवंत मरळी कुणी नेल्या कधी?"

अर्जुनराव हसला. "श्रावणात. एका सोमवारी एक शेठ आला, तोंडाला पंचा बांधून, कपाळाला भस्म. म्हणला, अकरा पाहिजेत, जित्त्या. मी म्हणलं, कापून देऊ? तर त्यानं दोन्ही कान झाकले. असलं गिऱ्हाईक मी जन्मात पाहिलं न्हाई!"

मंजुश्रीला हसू आलं नाही.

संध्याकाळी घरात पानं वाढली होती. मंजुश्रीची आई, उमादेवी अव्वा, भाकरी थापत होत्या. मंजुश्री जेवायला बसली नाही.

"अप्पा, सातशे मासे कुणी विकले न्हाईत. मरळींनी खाल्ले. मरळी आपोआप येऊ शकत न्हाईत, म्हणजे चावीवाल्यानं सोडल्या. मावशी स्वतःच्या पिल्लांत सोडणार न्हाई. श्रावण सोमवारी भस्म लावलेला एक माणूस अकरा मरळी जिवंत घेऊन गेला. खायच्या असत्या तर कापायचं नाव काढल्यावर कान झाकले नसते. आणि नऊ निघाल्या तेव्हा, अजून दोन राहिलेत, हे मोजून कुणाला ठाऊक होतं?"

भाकरी थापायचा आवाज थांबला.

"तळ्यात जीव मरायला वाढून राहिले, ते मला सोसंना," अप्पा हळूच म्हणाले. "म्हणलं अकरा जीव सोडवावेत. पुण्य म्हणून. मासा कोणता, काय खातो, मला काय कळतंय?"

"सोडताना कळलं न्हाई. खरंय. पण जाळं वर आल्यावर?"

अप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला.

"मावशीनं विचारलं, ह्या कशा आल्या. तवाच कळलं न तुम्हाला? म्हणूनच तिला मधीच तोडलं."

"मग काय सांगू? मृत्युंजय शेठ मासळी बाजारात गेलता म्हणून? पिशवीत मासे घालून आणले म्हणून? दुकानाची पायरी चढंल का कुणी?"

"अव्वा, तुला ठाऊक होतं?"

"पंचा मीच धुतला," अव्वा म्हणाल्या. "तीनदा. वास जाईना." मग आवाज चढवून, "राजकन्याचं काय, चार दिवसांत लोक विसरतील. तू जेव गप."

मंजुश्रीनं आपलं वाढलेलं ताट उचलून बाजूला ठेवलं.

"उद्या मी बुद्धप्रियाला घरून घेऊन शाळेत जाणार हाय. प्रार्थना झाली की माईकवर सांगणार, मासे कुणी खाल्ले आणि मरळी कुणी सोडल्या. नावासकट. तुम्ही आधी मावशीच्या दारात जाऊन, चारचौघांत बोललात, तर मला बोलावं लागणार न्हाई."

दारात जाऊन ती वळली.

"प्रार्थना सव्वादहाला असते, अप्पा."