पाचव्या गोदामाचं अंतर

पटो न पटो, हे घडलंय. माझ्या सख्ख्या मावसभावासोबत.

रविवारची दुपार. तीन वाजून दहा मिनिटं. कोल्ड स्टोरेजची पाच गोदामं, एका ओळीत. बाहेर ऊन मी म्हणत होतं.

दादा तिथलं नेटवर्क सांभाळायचा. सुट्टीमुळे दोघंच होते. पहिल्या गोदामाच्या केबिनमध्ये दादा, गेटवर वॉचमन मामा.

पाचवं गोदाम वर्षभर बंद. नुकताच दादानं तिथला राउटर उपटून आणला होता.

आता तो स्क्रीनकडे बघत बसला होता.

या जुन्या राउटरांची एक खोड असते. पूर्ण नकाशा कुणाकडेच नसतो. दर तीस सेकंदांनी प्रत्येक जण शेजाऱ्याला सांगतो, पाचवं माझ्यापासून इतकं लांब. शेजारी त्यात एक मिळवतो, पुढं सांगतो. स्वतः जाऊन कुणी बघत नाही.

म्हणून पाचवा मेला तरी चौथा तिसऱ्याचं ऐकतो, तिसरा चौथ्याचं. मेलेल्याचं अंतर नुसतं वाढत राहतं. सोळा झालं की मग सगळे मानतात... गेला.

दादानं इंटरकॉमवर मामांना हे ऐकवलं. "आपल्या दोघांसारखंच आहे यांचं."

"सुट्टीच्या दिवशी तरी ते नका काढू, साहेब," मामा म्हणाले.

ते म्हणजे मिस्त्रीचं.

गेल्या वर्षी मिस्त्री पाचव्यात काम करत होता. दार बाहेरून लागलं. संध्याकाळी मामांनी विचारलं, "मिस्त्री गेला का?" दादा म्हणाला, "गेला असेल." रात्री मिस्त्रीच्या बायकोचा फोन आला. दादा म्हणाला, "मामा म्हणतात, गेला." मामा म्हणाले, "साहेब म्हणतात, गेला."

चार पावलं जाऊन कुणी दार उघडलं नाही.

सकाळी उघडलं. दाराला आतून नखांचे ओरखडे होते.

"हाक तरी मारली का हो त्यांनी?" बायकोनं विचारलं होतं. दादा नाही म्हणाला. खरं तर त्यानं धडधड ऐकली होती. कंप्रेसर समजून सोडून दिली होती.

स्क्रीनवर अंतर वाढत होतं. चार. सहा. आठ. दहा. बारा. चौदा.

आता सोळा...

बारा.

दादा पुढं सरकला.

दहा. आठ. सहा. चार.

चारच्या खाली जाणं शक्यच नव्हतं. मध्ये तीन गोदामं होती.

तीन.

दादानं केबल उपटली.

दोन...

एक.

दारावर टकटक झाली.

"साहेब, उघडा. मीच आहे." मामांचा आवाज. दात वाजत होते. "फार थंडी वाजतेय हो."

थंडी? या उन्हात?

दादानं गेटचा इंटरकॉम लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"बोला साहेब."

मामाच.

"मामा, तुम्ही कुठे आहात?"

"गेटवर. मी कुठं जाणार?"

"माझ्या दाराबाहेर कोणीतरी..."

"उघडू नका," फोनवरचा आवाज शांतपणे म्हणाला.

बाहेरून हाक आली. "साहेब... कुणाशी बोलताय?"

दादानं टेबल ओढून दाराला लावलं. टकटक वाढली. मग लाथा. मग रडणं. "पाया पडतो, साहेब. एकदा बघा तरी."

दादानं कानांवर हात ठेवले.

मग नुसती नखं...

मग तेही नाही.

स्क्रीनवर सोळा.

पाच वाजता त्यानं टेबल सरकवलं. मामा उंबऱ्यावर पडले होते. ओठ निळे. बोटं लाकडासारखी. पापण्यांवर बर्फ. उन्हात तो वितळत होता.

डॉक्टरांनी हार्टफेल लिहिलं.

गेटच्या केबिनला बाहेरून कुलूप होतं. किल्ली मामांच्या खिशात. आत कोणी नव्हतं.

दादानं ती नोकरी सोडली. झोपेत तो टेबल ओढल्यासारखे हात हलवतो, असं वहिनी सांगते.

त्याला एक गोष्ट आतून खातेय. फोन ठेवताना त्यानं त्या आवाजाला थँक्यू म्हटलं होतं.

पलीकडून उत्तरही आलं होतं.

ते काय होतं, हे तो सांगत नाही. आणि खरं सांगू... मीही विचारत नाही.