तिसऱ्या आवाजाची जागा

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही. हे घडलं माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत, तिच्याच मागच्या खोलीत, गेल्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका रविवारी.

रात्र नव्हती. दुपारचे चार वाजले होते. खिडकीतून चांगलं ऊन येत होतं.

मावशी दातांच्या कवळ्या बनवते. तरुणपणी तिला आणि माझ्या मामाला एकच वेड होतं... टीव्हीला जोडायचा छोटा कॉम्प्युटर. त्यावर दोघं डेमो बनवायचे. डेमो म्हणजे खेळ नव्हे. इवल्याशा मेमरीत चित्रं आणि संगीत असं बसवायचं, की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. चित्रं मावशीची, संगीत मामाचं.

त्या कॉम्प्युटरला एका वेळी तीनच आवाज काढता यायचे.

डेमोंच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी मावशीच्या चित्रातल्या फिरत्या गोळ्याला मेमरीत जागा पुरेना. तिने मामाला न विचारता त्याचा तिसरा आवाज पुसून टाकला.

"तेवढ्याने काय बिघडतंय? कोणाला कळणारही नाही."

"मला कळेल ना," मामा म्हणाला. चप्पल पायात अडकवली आणि मोपेडवरून निघून गेला.

परत आलाच नाही. वळणावर ट्रक होता...

तेवीस वर्षांचा होता तो.

ते सूर त्याने दुसरीकडे कुठेच उतरवून ठेवले नव्हते.

चौतीस वर्षांनी मावशीने माळ्यावरून कॉम्प्युटर उतरवला. नशिबाने डेमो साठवलेली कॅसेट चालली. कामावरून आली की ती बसायची, स्वतःच्याच जुन्या प्रोग्रामच्या ओळी कातरत. दोन महिन्यांनी तिसऱ्या आवाजापुरती जागा मोकळी झाली. सूर तर नव्हतेच. तिने तिथे नुसती शून्यं भरली.

"त्याची जागा तरी असू दे," ती आईला फोनवर म्हणाली.

त्या रविवारी तिने डेमो सुरू केला.

गोळा फिरला. दोन आवाज वाजले.

आणि मग...

तिसरा.

हळू, चाचरत. पाच-सहा सूर, आणि चूप. पुन्हा पहिल्यापासून. नवी चाल बसवताना मामा असाच अडायचा.

मावशीने डेमो थांबवून मेमरी तपासली.

शून्यं. एकूण एक शून्यं.

कॉम्प्युटर बंद केला की मेमरीतलं सगळं जातं. तिने तो बंद केलाच नाही. रजा टाकून समोर बसून राहिली. रोज चाल थोडी पुढे सरकायची; किती सुरांची जागा उरली, ते ती मोजत राहायची.

"दादा, चुकलं रे माझं," एवढंच ती म्हणायची.

दहाव्या दिवशी आई आणि मी तिला बघायला गेलो. दारातच जळका वास आला. जुना अडॅप्टर वितळायला लागला होता. मावशी जागची हलत नव्हती. आणि ते सूर... मी स्वतःच्या कानांनी ऐकले.

"अगं वेडे, घर पेटवशील!"

"ताई, थांब! संपायला चारच सूर राहिलेत..."

आईने प्लग खेचला.

पडदा काळा झाला.

पण आवाज लगेच थांबला नाही.

एक सूर...

मग दुसरा...

मग काहीच नाही.

मामा गेला तेव्हाही मावशी अशी रडली नव्हती, असं आई सांगते.

नवा अडॅप्टर आणला. कॅसेटवरून तोच प्रोग्राम चढवला, तीच शून्यं. आता दोनच आवाज वाजतात.

"दोनदा हाकललं आपण त्याला," मावशी म्हणते.

इथेच संपलं असतं तर बरं होतं.

परवा आई कपड्यांच्या घड्या घालत गुणगुणत होती. तीच चाल. आईला सुरांचं अंगच नाही. मामाने ती चाल बांधली तेव्हा ती लग्न होऊन दूर गेली होती. त्या दिवशी तिने ऐकली असेल ती जेमतेम मिनिटभर.

मी दारात थबकले. सुरुवात... मधला भाग... प्लग काढल्यावर वाजलेले ते दोन सूर...

आणि त्यांच्या पुढचे दोन.

"आई... हे काय म्हणतेस?"

"मी? कुठे काय?"

मावशीला अजून सांगितलेलं नाही. रोज फोन हातात घेते... आणि ठेवून देते.