ब्रेकच्या लिव्हरवरची बोटं

हसायचं तर हसा, पण खोटं म्हणू नका. हे माझ्या बाबतीत घडलंय. नोव्हेंबर २००३, वसई पूर्वेची एक इंडस्ट्रियल इस्टेट. शुक्रवारची भर दुपार.

आमच्याकडे आबांची, म्हणजे वडिलांची, १९७४ची मोटारसायकल होती. तिच्यावरूनच माझा धाकटा भाऊ जितेश त्याच्या चार वर्षं आधी गेला. नायगावच्या रस्त्यावर उभ्या ट्रकवर आदळला.

पोलिसांना, नातेवाइकांना मीच सांगितलं, तो बेफाम चालवायचा. आबांनी ते मनात धरलं. त्याचा फोटोसुद्धा भिंतीवर लावू दिला नाही.

मला ती गाडी डोळ्यांसमोर नको होती. पण मोडकी गाडी घेणार कोण? म्हणून नव्यासारखी करून विकायचं ठरवलं. हँडल, सायलेन्सर, ब्रेकची लिव्हर, सगळं क्रोम करायला गॅब्रिएलकाकांच्या प्लेटिंगच्या कारखान्यात टाकलं.

"ॲक्सिडेंटची गाडी नाय ना? तसला माल मी घेत नाय," काकांनी आधीच विचारलं.

"नाही हो," मी बिनदिक्कत सांगितलं.

आठवड्याने त्यांचा फोन आला.

"शुक्रवारी ये. कोन नसेल तेव्हा."

शुक्रवारी इस्टेटची वीज बंद असते. कामगार घरी, मशिनी बंद, पंखे बंद. अर्ध्या शटरखालून काका आणि मी वाकून आत शिरलो. ॲसिडच्या वासाने डोळे चुरचुरले.

प्लेटिंगच्या ॲसिडच्या टाकीवर तांब्याच्या तारांना माझे पार्ट लटकत होते. सगळे स्थिर.

आणि…

टक… टक… टक…

एकटी ब्रेकची लिव्हर हलत होती. टाकीच्या काठावर आपटत होती.

आत वाऱ्याची झुळूकही नव्हती.

काकांनी छातीवर क्रुसाची खूण केली. "तीनदा क्रोम उतरवला, तीनदा चढवला. पॉलिश झालेल्या मालाला उघडा हात लागला ना, की तिथे डाग राहतो. म्हनून आम्ही नुसत्या तारेला धरतो. हिला कोनी हात लावलेला नाय रे बाबा."

मी लिव्हर हातात घेतली…

चकचकीत क्रोमवर बोटांचे काळपट ठसे होते. घट्ट आवळल्यासारखे. एक बोट. मग कोरी जागा. मग दोन बोटं.

जितेश एका कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसवर कामाला होता. त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट तिथेच तुटलं होतं.



त्या ब्रेकची केबल अपघाताच्या आधीच तुटायला आली होती. एकेक तार सुटत चालली होती. मी ती पाहिली होती. पण जितेश मला न विचारता गाडी न्यायचा, त्याचा राग होता. म्हटलं, अडकू दे एकदा रस्त्यात, आणू दे ढकलत. म्हणून गप्प बसलो.

लिव्हर खाडीत टाकायची म्हणून पिशवीत घातली. खाडीपर्यंत गेलोही. हिंमत झाली नाही. घरी आलो, तर आईने भाजीची पिशवी समजून ती ओट्यावर उलटी केली.

लिव्हर तिच्यासमोर पडली.

तिने त्या ठशांवर स्वतःची बोटं ठेवून पाहिली. मधलं बोट आपोआप मिटलं…



"माझ्या पोराने ब्रेक दाबला होता," ती म्हणाली. "मग गाडी का थांबली नाही रे, जयू?"

"मला काय माहीत?"

दुसऱ्या दिवशी तिने आबांना न विचारता जितेशचा फोटो लावला. लिव्हर त्याच्या शर्टांखाली कपाटात ठेवली. गाडी मी भंगारात दिली.

ते ठसे कसे उमटले, मला आजही कळलेलं नाही. काकांकडे दोनदा गेलो. मला पाहून त्यांनी शटर ओढून घेतलं.

आई मला जेवायला वाढते. हवं नको विचारते. फक्त माझ्याकडे बघत नाही.

आज इतक्या अनोळखी माणसांना मी सगळं सांगून टाकलं. तिला अजून सांगितलेलं नाही.